पिशवीचा तळ

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी-रामेश्वर, हिमालयाचीं शिखरें, निदान महाबळेश्वरचे कडे तरी वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आमचा प्रवास पुण्याच्या सदाशिव पेठेंत सुरू झाला आणि रविवार पेठेच्या थोडा पलीकडे संपला. सारें अंतर पायीं अर्ध्या-पाऊण तासाचें. परंतु तें तोडण्यास आम्हां दोघी जावांना चार दिवस लागले, आणि ज्या शहरांत आमच्या संसाराचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं त्याच्या कित्येक गल्ल्यांत आपण आजवर पाऊलहि टाकलें नव्हतें, हें तेव्हां कळलें. शोधावयाची वस्तु अगदींच क्षुल्लक होती : कापडी पिशवीच्या तळाशीं घालावयास कांहीं तरी ताठ.

हकीकत अशी कीं, सासूबाईंना जाऊन मार्गशीर्षांत वर्ष व्हावयाचें होतें. त्यांच्या पेटींत अकरा सुती लुगडीं निघालीं. सासूबाई शेवटपर्यंत नऊवारीच नेसत. ज्यांनीं नऊवारी लुगडें धुतलें-वाळविलें आहे त्यांस सांगावयास नको, कीं तें सर्वत्र सारखें विरत नाहीं. कासोट्याकडचा व बसण्याचा भाग आधीं जातो, पदर त्याच्या मागोमाग जातो, मधला कांहीं भाग मात्र बरा राहतो. अशीं तीं लुगडीं नेसण्याजोगीं नव्हतीं, कोणास देण्याजोगीं नव्हतीं, आणि टाकवत तर नव्हतींच. वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली तरी आमचीं तीन बिऱ्हाडें एकाच मजल्यावर आहेत. नणंदांचीं, पुतण्यांचीं, भाच्यांचीं घरें मिळविलीं म्हणजे अकरा होतात. एका लुगड्याची एक पिशवी व एका घरास एक, असा बेत ठरला. मामंजींस विचारलें तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "करा. पण वापरण्याजोगी करा. शोभेची वस्तु करून कपाटांत ठेवणार असाल तर लुगडींच राहूं द्यात."

पहिली पिशवी आम्हीं मोठ्या हौसेनें शिवली. आंतून मांजरपाटाचें अस्तर दिलें, बंद दुहेरी शिवले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामंजी ती घेऊन मंडईंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें १८८६ सालीं उघडलेली ही इमारत पुढें महात्मा फुले मंडई झाली, तरी घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलें 'रे मार्केट' हें नांव मामंजींच्या बोलण्यांत अजून मधून मधून येतें. त्र्याऐंशीव्या वर्षींहि त्यांचा हा सकाळचा नेम चुकलेला नाहीं. त्या दिवशीं ते परतले ते पिशवी बंदांनीं धरून नव्हे, तर तान्ह्या मुलास घ्यावें तशी खालून दोन्ही हातांनीं धरून. बटाट्यांच्या व भोपळ्याच्या भारानें तळ ओघळून गोल झाला होता. टोमॅटो खालीं घसरून चेंगरले होते. आणि एका कोपऱ्याशीं लुगडें बोटभर फाटलें होतें. मामंजी कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं खुंटीवरची जुनी निळी पिशवी घेऊन ते बाहेर पडले. तें न बोलणें आम्हांस फार लागलें.

ही निळी पिशवी सासूबाईंनीं पडद्याच्या जाड कापडाची शिवलेली. तिला वीस वर्षें तरी सहज झालीं असतील. दर पंधरवड्यास ती साबणाच्या पाण्यांत पडते, घासली जाते, दांडीवर टांगली जाते. आणि अजून तिचा तळ पाटासारखा सपाट आहे. त्यांत कांहीं तरी शिवलेलें आहे खास. बोटांनीं दाबलें तर किंचित् लवतें आणि सोडलें कीं पूर्ववत् होतें. तें काय, हें सासूबाईंनीं कधीं सांगितलें नाहीं व आम्हींहि कधीं विचारलें नाहीं. विचारावयाच्या राहून गेलेल्या पुष्कळ गोष्टींपैकीं ही एक.

"एक शिवण उसवून पाहूं कां? लगेच पुन्हां घालूं," असें आमच्यांतील धाकटीनें धीर करून विचारलें.

"तिच्या हातची शिवण आहे ती," मामंजी म्हणाले. "कात्री लावायची नाहीं. बाहेरून काय पाहायचें तें पाहा. मी मंडईंतून आलों कीं घेऊन जात जा. दिवेलागणीला खुंटीवर हवी."

येणेंप्रमाणें ती निळी पिशवी आमच्या प्रवासाची सोबतीण झाली.

पहिल्या दिवशीं आम्ही अप्पा बळवंत चौकाकडे वळलों. पेशवाईंतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचें नांव धारण करणारा हा चौक आज पुस्तकांचा बाजार आहे, आणि जेथें पुस्तकें तेथें बांधणीहि आलीच. जवळच्या एका बोळांत एक बाइंडर खळीच्या वासांत बसले होते. आम्हीं पिशवी पुढें केली. त्यांनीं अंगठ्यानें तळ दाबला व क्षणाचाहि विलंब न लावतां निकाल दिला : "पुठ्ठा. दोन मिलिमीटरचा."

मग त्यांनीं करड्या पुठ्ठ्याचा एक चौकोन घेऊन आधीं एका बाजूनें आणि मग दुसऱ्या बाजूनें वांकवून दाखविला. एका बाजूनें तो सहज लवला, दुसऱ्या बाजूनें लवेना. रद्दी कागदाच्या लगद्याचा हा पुठ्ठा यंत्रावर तयार होतांना त्यांतील तंतु बहुतेक एकाच दिशेनें पडतात. ती दिशा पिशवीच्या लांबीबरोबर धरून कापला तर तळ मध्यें झोळ खात नाहीं, उलट कापला तर खातो. पुस्तक बांधतांना हीच दिशा पुस्तकाच्या पाठीस समांतर ठेवतात. आयुष्यभर पुस्तकें हाताळणाऱ्या आम्हां दोघींस हें ठाऊक नव्हतें, आणि थोडें ओशाळल्यासारखें झालें. "पण ही पिशवी धुतात हो," आम्हीं म्हटलें. "मग पुठ्ठा काढून धुवा," असें म्हणून ते पुन्हां आपल्या कामास लागले. हें उत्तर तेव्हां आम्हांस तोडून टाकल्यासारखें वाटलें. घरीं येऊन पुठ्ठ्याचा तुकडा रात्रभर बादलींत टाकला. सकाळीं तो दुप्पट फुगून त्याचे पदर सुटले होते.

दुसरा दिवस तुळशीबागेचा. नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं येथें राममंदिर बांधावयास घेतलें; आज त्या देवळाभोंवतीं बांगड्यांपासून पोळपाटापर्यंत स्त्रियांचा सारा संसार मांडलेला असतो. रामाचें दर्शन घेऊन आम्ही लोकर-लेसच्या एका दुकानांत शिरलों. तेथील तरुण मुलीनें पिशवी चांचपून सांगितलें, "काकू, ही तर तोरणाची जाळी आहे. दोन पदर घातलेत." लोकरीचीं तोरणें भरण्यासाठीं चौकोनी भोकांची जी प्लॅस्टिकची जाळी मिळते, ती आमच्या घरांतहि पडून आहे, आणि तिचा असा उपयोग आमच्या स्वप्नांतहि आला नव्हता. ती घरच्या कात्रीनें कापतां येते, भोकांतून सुई जाते म्हणून कापडास टांचतां येते, पाण्याचें तिला भय नाहीं. एकेरी असतां ती फार लवते, दुहेरी केली म्हणजे बरीच ताठ होते. आम्हीं दोन ताव घेतले.

तेथून रविवार पेठेंतील कापडगंजांत बकरम पाहावयास गेलों. तेथील दुकानदारांनीं अर्थातच "बकरमच, दुसरें काय?" असें सांगितलें. जुन्या तऱ्हेचें बकरम म्हणजे खळ देऊन ताठ केलेलें सुती कापड. खळ धुण्यांत जाते व ताठपणाहि तिच्याबरोबर जातो. हल्लींचें इस्त्रीनें चिकटणारें मिळतें, तें अधिक टिकतें. परंतु गळपट्टीस पुरणारा ताठपणा निराळा आणि भोपळ्यास पुरणारा निराळा. पिशवीच्या बाजू उभ्या राहाव्या म्हणून थोडें बकरम घेतलें. त्या दिवशींचा खरा लाभ मात्र त्याच पेठेंतील दुसऱ्या एका दुकानांत झाला. तेथें खाटेस लावण्याच्या निवारीचीं गुंडाळीं रचून ठेवलेलीं होतीं. त्यांकडे पाहतां पाहतां आमच्यांतील थोरली म्हणाली, "माणसाचा भार जी वाहते, ती आठवड्याची भाजी वाहणार नाहीं काय?" त्या प्रश्नांत निम्मी पिशवी शिवून झाली होती. तें कसें, तें पुढें येईल.

तिसऱ्या दिवशीं आम्ही बोहरी आळींत गेलों. पुण्यांत जें कोठें मिळत नाहीं तें बोहरी आळींत मिळतें, असें लहानपणापासून ऐकतों. परंतु घरांतील पुरुषांनीं बिजागरी नाहीं तर दोर आणावयास जावें, इतकाच आमचा त्या आळीशीं संबंध. प्रत्यक्ष पाहतां, हातगाडी आली तर माणसानें दुकानाच्या पायरीवर चढून उभें राहावें एवढीच ती रुंद. आणि त्या अरुंदींत खिळे, सुतळ्या, ब्रश, खोकीं, चिकटपट्ट्या, नळ्या यांचे असे ढीग, कीं मनुष्यानें कांहीं घ्यावयाचें नसतांहि तासभर रमावें. सोनेरी कांठाची पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध व्यापारी गादीवर होते. त्यांनीं निळी पिशवी उजेडाकडे धरली, तळावर नखानें टिचकी मारली, आणि शुद्ध पुणेरी मराठींत म्हणाले, "प्लॅस्टिकचा पत्रा आहे, ताई. माझ्याच दुकानांतला असेल."

त्यांनीं एकामागून एक नमुने काढले. ॲक्रिलिकचा पत्रा काचेसारखा सुंदर. "पण आपटला कीं तुकडे," असें म्हणून त्यांनीं स्वतःच तो बाजूस सारला. जाहिरातींच्या फलकांस लावतात तो फोमचा सनबोर्ड हलका व ओल न धरणारा. परंतु बोट दाबलें तर वळ उठतो व वांकविला तर मोडतो. शेवटीं त्यांनीं पॉलिप्रॉपिलीनचा दूधी रंगाचा पत्रा आमच्या हातीं दिला. कचेरींतील फाइलींचीं वेष्टनें याचींच होतात. पुनःपुन्हां एकाच रेषेवर दुमडला तरी लवकर तुटत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. जाडी दीड मिलिमीटर; कापावयास मात्र घरची कात्री पुरत नाहीं, त्यांनींच तो मापानें कापून दिला.

एक शंका आमच्या मनांत होती, ती आम्हीं बोलून दाखविली. २०१८ सालच्या मार्चमध्यें महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हांपासून आमच्या घरांत कापडी पिशवीचा आग्रह अधिकच वाढला. आणि आतां त्या कापडी पिशवीच्या पोटांत आपणच प्लॅस्टिक घालावयाचें काय? म्हातारबुवा हंसले. "ताई, वाईट काय तें एकदां वापरून फेकणें. हा पत्रा तुमच्या नातवापर्यंत जाईल." युक्तिवादांत धंद्याचा अंश होता हें खरें, परंतु त्यांतला खरेपणाहि नाकारतां येईना. घरीं येऊन घाईघाईनें एक तुकडा पहिल्या पिशवींत बसविला, तेव्हां त्याच्या काटकोनी टोंकानें विरलेलें लुगडें ब्लेडनें कापावें तसें कापलें. लुगडें सासूबाईंचें होतें. नवें आणतां आलें नसतें. त्या रात्रीं आम्ही दोघीहि नीट जेवलों नाहीं.

चौथ्या दिवशीं जावयाचें मनांत नव्हतें. परंतु टोमॅटोचे डाग धुतलेली ती पहिली पिशवी दांडीवर लोंबत होती, तिच्याकडे पाहून निघालों, व विचारीत विचारीत बुरूड आळींत पोंचलों. लग्नकार्यांत सुपें लागतात, वटपौर्णिमेस व संक्रांतीस वाणाच्या टोपल्या लागतात. त्या आपण दुकानांतून घेतों, परंतु त्या विणतात कोठें हें आपण किती जणी पाहतों? हिरव्या बांबूच्या ओलसर वासानें गल्ली भरली होती. एक वयस्क बाई पायाच्या अंगठ्याखालीं कामटी धरून कोयत्यानें तिचे पदर काढीत होत्या. त्या पदरांची जाडी इतकी सारखी, कीं मापपट्टी घेऊन बसलेल्या मनुष्यासहि साधूं नये. त्यांनीं हात पुसून पिशवी घेतली. त्यांनीं तळ दाबला नाहीं, टिचकीहि मारली नाहीं. पिशवी कानाशीं नेऊन तळ हलकेच वांकविला. बारीक करकर ऐकूं आली. इतक्या वर्षांत ती आम्हीं कधीं ऐकली नव्हती.

"सूप हाय हे," त्या म्हणाल्या. "जुनं सूप कापून घातलंय. नवं न्हाई. नव्याला कीड लागली असती."

त्यांनीं समजावून सांगितलें तें असें : बांबूच्या पाठीकडची काडी लवते पण मोडत नाहीं, गाभ्याकडची लवकर मोडते, बांबू ओला असतांना कोंडला तर त्यास बुरशी किंवा कीड धरते, वर्षानुवर्षें स्वयंपाकघरांत टांगून वाळलेलें सूप मात्र हाडासारखें कणखर होतें. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहूं लागलों. आमच्या जुन्या वाड्यांत उंबऱ्याजवळ एक कांठ तुटलेलें सूप होतें. वाण्याकडून निवडलेले तांदूळ व डाळी पाकिटांतून येऊं लागल्यावर पाखडणें बंद झालें, आणि तें सूप केव्हां नाहींसें झालें हें आम्हां दोघींपैकीं कोणासहि सांगतां येईना. सासूबाई कोणतीहि वस्तु टाकीत नसत, एवढें मात्र पक्कें ठाऊक होतें.

त्या बाईंनीं आम्हांस बारा इंच लांब व पांच इंच रुंद अशा नऊ पट्ट्या, कडा बांधून, विणून देण्याचें कबूल केलें. कडा कशासाठीं हें आम्हांस आदल्या रात्रींच्या अनुभवानें सांगावें लागलें नाहीं. पिशव्या कशाच्या, हें मात्र त्यांनीं विचारलें. सांगितल्यावर त्यांनीं इंचांचें माप पुन्हां एकदां वितीनें मोजून घेतलें. "पंधरा दिस सावलींत वाळू द्या, मग घाला," असें बजावून त्यांनीं पैसे सांगितले ते इतके थोडे, कीं घासाघीस करण्याची आमची संवय जिभेवरच राहिली.

आतां शिवण्याचें सांगतों. ताठ तळ नसला म्हणजे सगळा भार कापडाच्या मध्यावर गोळा होतो, कापड झोळासारखें ओघळतें आणि कोपरे ताणले जातात. विरलेलें कापड तेथेंच फाटतें. तळ ताठ असला तर भार चारी कडांस वांटला जातो. परंतु आमच्या लुगड्यांस तेवढाहि भार पेलवणार नव्हता. म्हणून निवारीचे बंद पिशवीच्या तोंडाशीं न संपवितां दोन्ही अंगांनीं खालीं आणून तळाखालून पलीकडे नेले, व अस्तरासह शिवले. आतां भाजीचा भार निवार वाहते. लुगडें केवळ भाजी सांभाळतें. तळाची पट्टी कापडास शिवली नाहीं. तिच्यासाठीं मांजरपाटाची एक खोळ केली, आखूड बाजूस तोंड ठेवलें, आणि ती खोळ आंत नुसती बसविली. धुण्याच्या दिवशीं ती काढून घ्यावी. बाइंडरनीं सांगितलेलें तोडकें उत्तर शेवटीं असें उपयोगीं पडलें. पट्टी पिशवीच्या तळापेक्षां प्रत्येक बाजूनें पाव इंच लहान असावी, नाहीं तर शिवणीस रेटते. दोन पिशव्या परदेशीं जावयाच्या होत्या. बांबूच्या वस्तु विमानतळावर अडवूं शकतात असें घरांतील मुलें म्हणालीं, म्हणून त्यांत बोहरी आळींतला पत्रा घातला व त्याचे कोपरे पांच रुपयांचें नाणें ठेवून गोल केले. तुळशीबागेंतल्या जाळीची एक छोटी गोल पिशवी नातीनें आपल्या डब्यासाठीं करवून घेतली. ती अकरांत धरलेली नाहीं. फाटलेल्या पहिल्या पिशवीच्या कोपऱ्यास त्याच लुगड्याच्या पदराचें ठिगळ दिलें. ठिगळ दिसतें. दिसूं दिलें.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं पिशव्या दिल्या. नणंदांनीं आपापली पिशवी ओळखली, म्हणजे लुगडें ओळखलें. कोणतें केव्हां घेतलें होतें यावरून थोडा वादहि झाला. ठिगळाची पिशवी मामंजींनीं मागून घेतली. दुसऱ्या दिवशीं ते मंडईंतून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि ती भोपळ्यासकट सरळ उभी राहिली. त्यांनीं तिच्याकडे थोडा वेळ पाहिलें व हात धुवावयास गेले. बुरूड आळींतील हकीकत आम्हीं त्यांस आधींच सांगितली होती. त्यावर ते एवढेंच म्हणाले होते, "सूप म्हणाल्या कां त्या? असेल. पुठ्ठेवाला पुठ्ठा म्हणाला, तेंहि असेल."

निळी पिशवी खुंटीवर आहे. दर पंधरवड्यास ती अजून धुण्यांत येते, आणि दांडीवर घालण्यापूर्वीं आमच्यांतील एकजण तरी ती कानाशीं नेते.